पडद्याच्या मध्यभागी सूज : पहिल्या इंजेक्शनाआधी आखायचे वर्ष

‘पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागेल’ असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले की घरातली माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात : एका इंजेक्शनाला किती खर्च येतो आणि ते घेताना किती दुखते. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. मात्र त्यांच्याही आधी विचारायला हवे की अशी इंजेक्शने वर्षभरात किती लागतील, आणि तितक्या वेळा येणे, दर वेळी सोबत कोणीतरी असणे व तितका खर्च पेलणे आपल्याला जमेल का. माझ्या आईच्या डाव्या डोळ्याच्या वेळी आम्ही हे विचारले नाही. तीन इंजेक्शनांनंतर तिला वर्तमानपत्राचे मथळे वाचता येऊ लागले, तेव्हा उपचार संपला असे आमचे आम्हीच ठरवून टाकले आणि चार महिने तपासणीला फिरकलो नाही. सूज परत आली. औषधाने ती पुन्हा उतरली, पण मधल्या काळात गेलेल्या दृष्टीतला काही भाग कायमचा गेला. उजव्या डोळ्याच्या वेळी मात्र आधी वर्षाचा आराखडा केला आणि मगच पहिले इंजेक्शन घेतले. तो आराखडा कसा करावा, हे येथे क्रमाने मांडले आहे. कोणत्या डोळ्याला कोणता उपचार द्यायचा, हे मात्र दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

नेमके काय बिघडते

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला अस्तरासारखा जो पातळ थर असतो तो दृष्टिपटल, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पडदा. त्याच्या मध्यावरच्या सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या भागाला पीतबिंदू म्हणतात. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातले खडे वेचणे, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे एवढ्याशा भागावर चालतात. या भागाच्या अगदी मध्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते. आजूबाजूच्या केशवाहिन्या झिरपू लागल्या की तिथे पाणी साचते, जाडी वाढते आणि पेशींची रचना विस्कटते. मधुमेहाने किंवा रक्तवाहिनी तुंबल्याने पडद्याला प्राणवायू कमी पडला की तिथे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन जास्त तयार होते. ते वाहिन्यांना झिरपायला लावते आणि नव्या, कमकुवत वाहिन्या उगवायला भाग पाडते. १९८९ मध्ये हे प्रथिन वेगळे करून ओळखता आले. आज डोळ्यात दिली जाणारी बहुतेक इंजेक्शने त्यालाच अडवतात.

मोतीबिंदूत सगळेच दृश्य धुरकट होते. मॅक्युला बिघडल्यावर कडेचे दिसत राहते आणि मधलेच अस्पष्ट, वाकडे किंवा काळपट होते. त्यामुळे चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलूनही वाचता येत नसेल, तर तिसरा चष्मा करण्याआधी पडदा तपासून घ्यावा.

पायरी पहिली : घरी एकेक डोळा तपासणे

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो, म्हणून महिनोन्महिने काही लक्षात येत नाही. तळहाताने एक डोळा झाकावा (दाबू नये), वाचायचा चष्मा लावावा आणि दुसऱ्या डोळ्याने सरळ रेषांकडे पाहावे. यासाठी ॲम्स्लर तक्ता मिळतो : दहा सेंटिमीटरच्या चौकोनात पाच मिलिमीटरची घरे आणि मध्ये एक ठिपका. तो सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून नजर ठिपक्यावर ठेवायची आणि आजूबाजूच्या रेषा वाकतात, तुटतात किंवा नाहीशा होतात का ते बघायचे. तक्ता हाताशी नसेल तर न्हाणीघरातल्या फरशांच्या सांधा किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयातले तारखांचे चौकोनही चालतात. आई रोज सकाळी तिथी बघताना हीच चाचणी करते. वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

काल सरळ दिसणारी रेषा आज वाकडी दिसली, तर आठवड्याभराच्या आत पडदा तपासला गेला पाहिजे. उतारवयातल्या ओल्या प्रकारच्या (पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचणाऱ्या) मॅक्युलाविकारात काही आठवड्यांचा उशीरही महागात पडतो. मधुमेहातली सूज मात्र सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. म्हणून मधुमेह असलेल्याने तक्रार नसतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घेणे हा नियमच मानावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा नियम किती घरांना लागू पडतो हे वेगळे सांगायला नको.

पायरी दुसरी : तपासण्या आणि त्यांची फाइल

तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात. त्यांचा परिणाम चार ते सहा तास राहतो. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये आणि काळा चष्मा बरोबर ठेवावा. मुख्य तपासणी म्हणजे ओसीटी. १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडलेले हे तंत्र प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा आडवा छेद दाखवते. सुई टोचावी लागत नाही, दुखत नाही आणि काही मिनिटांत काम होते. अहवालात मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहिलेली असते. २५० च्या आसपासचा आकडा साधारण मानतात आणि सूज असेल तर तो ४०० किंवा ५०० च्याही पुढे जातो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर ओसीटी करावी आणि रंगीत छापील प्रत मागून घ्यावी. डॉक्टर बदलायची वेळ आली तर जुन्या प्रतींचा हा गठ्ठाच सर्वांत उपयोगी पडतो.

काही वेळा अँजिओग्राफीही सांगतात. हृदयाच्या अँजिओग्राफीशी तिचा संबंध नसतो. हाताच्या शिरेतून पिवळा रंग देऊन पडद्याची छायाचित्रे काढतात. काही जणांना क्षणभर मळमळते, त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवीला दिवसभर गडद पिवळा रंग येतो. याने घाबरू नये. पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर ते मात्र आधी सांगावे.

खोलीतून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : सूज मध्यबिंदूपर्यंत पोहोचली आहे का, तिचे कारण काय, दोन्ही डोळ्यांची आजची दृष्टी किती (६/१२, ६/१८ अशा भाषेत; दुसरा आकडा जितका मोठा तितकी दृष्टी कमी), आणि दुसऱ्या डोळ्याची अवस्था काय. दुसऱ्या डोळ्याबद्दल आम्ही पहिल्या वेळी विचारलेच नव्हते.

पायरी तिसरी : कारण पक्के करणे

‘सूज’ हे आजाराचे नाव नाही. एकसारख्या दिसणाऱ्या सुजेची अर्धा डझन कारणे असतात आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्यात घातक ठरू शकते. म्हणून या पायरीवर घाई करू नये.

सर्वांत जास्त आढळते ती मधुमेहातली सूज. तिच्यात इंजेक्शन हा पहिला उपचार असला, तरी प्रत्येकाला ते लगेच लागते असे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातल्या ७०२ रुग्णांच्या अभ्यासात मध्यबिंदूला सूज असूनही दृष्टी ६/७.५ किंवा त्याहून चांगली असलेल्यांचे तीन गट केले होते. एकाला लगेच इंजेक्शन, दुसऱ्याला लेझर आणि तिसऱ्यावर फक्त लक्ष ठेवून दृष्टी घसरली तरच इंजेक्शन, अशी विभागणी होती. दोन वर्षांनी तिन्ही गटांत दृष्टी घसरलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. तेव्हा दृष्टी उत्तम असताना डॉक्टर ‘सध्या थांबू, पण ठरल्या तारखेला या’ म्हणाले, तर ती टाळाटाळ समजू नये. अट एवढीच की ठरल्या तारखेला खरोखर जावे.

पडद्यातली शीर तुंबल्याने येणारी सूज अचानक जाणवते. पुष्कळांना सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसू लागते. तिच्यामागे बहुधा वाढलेला रक्तदाब असतो, म्हणून डोळ्याबरोबरच फिजिशियनकडे जाणे आवश्यक आहे. पन्नाशीनंतर होणाऱ्या ओल्या मॅक्युलाविकारात पडद्याखाली नव्या वाहिन्या उगवून पाणी किंवा रक्त साचते. आपल्याकडे, एकूणच आशियाई लोकांत, त्याचा पॉलिपॉइडल नावाचा उपप्रकार युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो. तो नेमका ओळखण्यासाठी हिरव्या रंगाची वेगळी अँजिओग्राफी लागते, आणि इंजेक्शनांना पुरेसा प्रतिसाद मिळत नसेल तर ही शंका डॉक्टरांना अवश्य विचारावी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी येणारी सूज बहुतेकांत काही आठवड्यांच्या थेंबांनीच ओसरते. शस्त्रक्रिया बिघडली असा निष्कर्ष काढून भांडायला जाण्याआधी ओसीटी करून घ्यावी.

आता वेगळ्या वाटेने जाणारा आजार, सेंट्रल सीरस. तो प्रामुख्याने तीस ते पन्नास वर्षांच्या पुरुषांत दिसतो. मध्यभागी पाण्याचा फुगा धरतो आणि नाण्याएवढा काळपट डाग दिसतो. पुष्कळांत तो तीन-चार महिन्यांत आपोआप बसतो. त्याचा स्टेरॉइडशी घट्ट संबंध आहे. गोळ्या, दम्याचा पंप, त्वचेवरचे मलम किंवा सांध्यातले इंजेक्शन अशा कोणत्याही रूपात घेतलेले स्टेरॉइड तो वाढवू शकते. सांधेदुखीवर कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडते, आणि रुग्ण तर प्रामाणिकपणे ‘मी काहीच औषध घेत नाही’ असे सांगत असतो. इतर प्रकारच्या सुजेवर स्टेरॉइड हेच औषध असते. म्हणूनच कारण चुकले तर उपचार उलटा पडतो. चालू असलेले स्टेरॉइड मात्र एकदम बंद करू नये, कारण ते जिवावर बेतू शकते. ते ज्यांनी दिले त्यांच्याकडूनच हळूहळू उतरवून घ्यावे. फुगा महिनोन्महिने टिकला तर व्हर्टेपोर्फिन हे औषध अर्ध्या मात्रेत शिरेतून देऊन थंड लेझर करतात. एप्लेरेनोन नावाच्या गोळ्या अनेक वर्षे दिल्या जात होत्या, परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

शेवटचा गट ओढाताणीचा. पडद्यावर पातळ पापुद्रा धरतो किंवा मध्यात छिद्र पडते. तिथे इंजेक्शनाने काम होत नाही. त्याबद्दल पुढे सांगितले आहे. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी मॅक्युला तपासून घ्यावा, कारण त्या औषधाने झालेली हानी भरून येत नाही.

पायरी चौथी : औषधाची निवड

व्हीईजीएफला अडवणाऱ्या औषधांत बेव्हासिझुमॅब सर्वांत स्वस्त आहे. ते अवास्टिन या नावाने आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते डोळ्यात वापरून पाहिले. डोळ्यासाठी खास तयार केलेले रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आले, ॲफ्लिबरसेप्ट २०११ मध्ये. त्यानंतर ब्रोल्युसिझुमॅब आणि फॅरिसिमॅब आली. दोन इंजेक्शनांतले अंतर वाढवता यावे हा त्यांचा उद्देश, परंतु ब्रोल्युसिझुमॅबने काही डोळ्यांत आतून दाह होऊन पडद्याच्या वाहिन्या बंद पडल्याचे आढळल्यामुळे ते जपून वापरतात. रॅनिबिझुमॅबची भारतीय प्रतिकृती अहमदाबादच्या इंटास कंपनीने २०१५ मध्ये बाजारात आणली, तेव्हापासून मधल्या किमतीचा पर्यायही उपलब्ध झाला. बेव्हासिझुमॅब ते ॲफ्लिबरसेप्ट हा पल्ला काही हजार रुपयांपासून काही दशहजारांपर्यंतचा आहे, आणि दर ठिकठिकाणी वेगळे असतात.

स्वस्त औषध म्हणजे कमी दर्जाचे, असे मानण्याचे कारण नाही. ओल्या मॅक्युलाविकारात बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब यांचा दृष्टीवरचा परिणाम सारखाच असल्याचे २०११ मध्ये अमेरिकेत सरकारी निधीतून झालेल्या तुलनेत दिसले. मधुमेहातल्या सुजेवरची तीन औषधांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दृष्टी ६/१२ किंवा चांगली असेल तर तिघांत फरक नव्हता. ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षी ॲफ्लिबरसेप्ट पुढे राहिले. २०२२ मध्ये आणखी एक उपयुक्त उत्तर मिळाले. कमी दृष्टीच्या डोळ्यांत बेव्हासिझुमॅबने सुरुवात करून गरज पडली तर ॲफ्लिबरसेप्टवर जाण्याची पद्धत दोन वर्षांनी थेट महागड्या औषधाने सुरुवात करण्याइतकीच गुणकारी ठरली. मात्र सुमारे ७० टक्के डोळ्यांत पुढे औषध बदलावे लागले, हेही हिशेबात धरावे. माझे स्वतःचे मत असे की परवडणाऱ्या औषधाची आठ-दहा इंजेक्शने वेळेवर घेणे हे महागड्या औषधाची तीन घेऊन थांबण्यापेक्षा डोळ्याच्या अधिक हिताचे आहे. डॉक्टरांना ऐपत मोकळेपणाने सांगावी. संकोचाने हो म्हणून नंतर न येणाऱ्या रुग्णापेक्षा आधीच स्पष्ट बोलणारा रुग्ण त्यांनाही सोयीचा असतो.

बेव्हासिझुमॅबची खरी जोखीम वाटणीत आहे. कर्करोगासाठीच्या चार मिलिलिटरच्या कुपीतून एका डोळ्याला फक्त ०.०५ मिलिलिटर लागते, म्हणून एक कुपी अनेकांत वाटली जाते. ही वाटणी निर्जंतुक जागी झाली नाही किंवा कुपीच बनावट निघाली, तर एकाच दिवशी अनेकांचे डोळे जाऊ शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात तसेच घडले. औषधाची वाटणी कुठे आणि कधी झाली, हे विचारायला लाजू नये आणि बॅच क्रमांक केसपेपरवर लिहून घ्यावा.

पायरी पाचवी : इंजेक्शनाचा दिवस

आदल्या दिवसापर्यंत साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणावा. डोळ्याला चिकटा येत असेल, रांजणवाडी झाली असेल, किंवा दात वा पाय यांचा जंतुसंसर्ग चालू असेल, तर कळवून तारीख पुढे घ्यावी. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, गर्भारपण असेल किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल, तर तेही आधी सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. या इंजेक्शनासाठी सहसा त्या थांबवाव्या लागत नाहीत.

प्रत्यक्ष प्रकार भीतीच्या मानाने फार छोटा असतो. बधिर करणारे थेंब घालतात, पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात आणि पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा चिमटा लावतात. एका दिशेला बघायला सांगून बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुई आत जाते. काही सेकंदांत काम होते. टोचल्यापेक्षा दाब जास्त जाणवतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे चिमटाच अधिक त्रासाचा. लगेच बोटे मोजायला सांगून दृष्टी तपासतात. खोलीत गेल्यावर ‘उजवा की डावा’ हे आपण मोठ्याने सांगावे, वर खूण केलेली असली तरीही.

त्या संध्याकाळी डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपते. ते बहुधा आयोडीनमुळे असते. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो आठवड्या-दोन आठवड्यांत विरतो. दृष्टीत तरंगणारे काळे गोळे हवेचे बुडबुडे असू शकतात. ते एक-दोन दिवसांत जातात. डोळा चोळू नये, काही दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नये आणि पोहायला जाऊ नये.

याउलट दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, लाली वाढली, उजेड सहन होईना किंवा दृष्टी घसरू लागली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी तो होतो, बहुधा पहिल्या आठवड्यातच, आणि त्यात तासांना महत्त्व असते. रविवार असो की दिवाळीचा पाडवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुट्टीच्या दिवशी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे इंजेक्शनाच्या आधीच विचारून ठेवावे.

पायरी सहावी : वर्ष आखणे

औषधाचा परिणाम चार ते आठ आठवड्यांत, नव्या औषधांचा त्याहून थोड्या उशिरा, ओसरतो. सुजेचे मूळ कारण तिथेच असते. मधुमेहातल्या सुजेत सुरुवातीला दर महिन्याला एक अशी चार ते सहा इंजेक्शने देऊन पुढे गरजेप्रमाणे देतात. या संदर्भात अमेरिकेतल्या एका पाच वर्षांच्या अभ्यासाचे आकडे धीर देणारे आहेत : रॅनिबिझुमॅबची पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शने लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी एक-दोन, आणि पाचव्या वर्षी निम्म्याहून अधिक रुग्णांना एकही लागले नाही. म्हणजे कस लागतो तो पहिल्या वर्षी, आणि नेमके त्याच वर्षी लोक मध्येच सोडतात.

ओल्या मॅक्युलाविकाराचे गणित याहून कठोर आहे. महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने झाली की अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. पाणी पुन्हा दिसले तर अंतर कमी करतात. कोणाला बारा किंवा सोळा आठवडे पुरतात, कोणाला सहाच, आणि बहुतेकांना ही साखळी अनेक वर्षे चालवावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांची इंजेक्शने चुकली त्यांच्यातल्या अनेकांची घसरलेली दृष्टी नंतर उपचार सुरू करूनही पूर्ण परतली नाही, असे अनेक देशांतल्या नोंदींत दिसून आले.

म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधीच पुढच्या सहा तारखा कालनिर्णयावर लिहाव्यात आणि प्रत्येक तारखेपुढे सोबत जाणाऱ्याचे नाव घालावे. लग्नसराई, पेरणी, वारी, मुलांच्या परीक्षा हे सगळे तेव्हाच लक्षात घेता येते. आमच्याकडे चुकलेल्या दोन तारखांपैकी एक गणपतीच्या आठवड्यातली होती. डॉक्टरांना आधी सांगितले असते तर त्यांनी ती सहज पाच दिवस अलीकडे घेतली असती.

खर्चाच्या बाबतीत आरोग्यविम्याचा कागद बारकाईने वाचावा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ज्या बारा आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळू नये असे सांगितले, त्यांत डोळ्यातली इंजेक्शने आहेत. मात्र कंपन्यांना मर्यादा घालता येते. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत अशा उपचारांसाठी विमा रकमेच्या निम्मीच मर्यादा ठेवली होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे, आणि इंजेक्शने सुरू होण्याआधी जावे.

इंजेक्शन पुरेसे न पडल्यास

चार-सहा इंजेक्शनांनंतरही सूज हटत नसेल तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात सोडतात. ती विरघळत तीन-चार महिने काम करते. वारंवार येणे ज्यांना शक्य नाही त्यांना ती सोयीची पडते. तिने मोतीबिंदू लवकर वाढतो आणि डोळ्यातला दाब चढू शकतो. काचबिंदू असलेल्यांनी ते आवर्जून सांगावे आणि कांडी घेतल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी दाब मोजून घ्यावाच. लेझर हा जुना उपचार. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने मधुमेहातल्या सुजेमुळे दृष्टी घसरण्याची शक्यता निम्म्यावर आली होती. आता त्याची जागा मध्यबिंदूपासून दूरच्या गळतीपुरती आणि जोडउपचाराची उरली आहे.

पापुद्रा किंवा छिद्र असेल तर शस्त्रक्रिया करून डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, पापुद्रा सोलतात आणि छिद्रासाठी आत वायू भरतात. नंतर काही दिवस मान खाली घालून राहावे लागते. वायू दोन ते आठ आठवडे राहतो, आणि तोवर विमानप्रवास पूर्ण बंद. घाटाचे मात्र कोणी सांगत नाही. उंचीवर वायू प्रसरण पावतो आणि डोळ्यातला दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. मुंबईत शस्त्रक्रिया करून सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला घरी परतणाऱ्याने डॉक्टरांना गावाचे नाव आधीच सांगितले पाहिजे. या काळात दुसऱ्या कारणासाठी भूल घ्यावी लागली, तर डोळ्यात वायू आहे हे भूलतज्ज्ञांना सांगावे. नायट्रस ऑक्साइड अशा डोळ्याला घातक असतो.

शरीराची बाजू

मधुमेहात डोळ्याचा उपचार आणि साखरेचा उपचार एकाच वेळी चालावा लागतो. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर), रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि हिमोग्लोबिन या चार तपासण्यांचे अहवाल डोळ्याच्या फाइलमध्येही ठेवावेत. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची स्वस्त आणि सर्रास दिली जाणारी गोळी शरीरात पाणी धरून ठेवते आणि काहींत मॅक्युलाची सूज वाढवते. ती चालू असेल तर मधुमेहतज्ज्ञांना पर्याय विचारावा, स्वतः बंद करू नये. विडी-सिगारेट थांबवण्याचा फायदा मॅक्युलाविकारात निर्विवाद आहे.

ल्युटीनच्या गोळ्या हल्ली पडद्याच्या प्रत्येक रुग्णाला चिकटवल्या जातात. २०१३ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातले मिश्रण (ल्युटीन १० मिलिग्रॅम, झिॲझॅन्थिन २ मिलिग्रॅम, त्यांच्या जोडीला क आणि ई जीवनसत्त्वे, जस्त व तांबे) उतारवयातल्या मॅक्युलाविकाराच्या मध्यम टप्प्यात, किंवा एक डोळा गेल्यावर दुसऱ्यासाठी, आजार पुढे सरकण्याचा वेग कमी करते. मधुमेहातल्या सुजेसाठी त्या गोळ्यांना तसा आधार नाही. ते पैसे पुढच्या इंजेक्शनासाठी ठेवावेत. मॅक्युलाविकाराच्या कोरड्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शने मान्य झाली, पण ती झीज मंदावतात, गेलेली दृष्टी परत आणत नाहीत.

सूज उतरल्यावरही वाचता येत नसेल तर

ओसीटी कोरडी दिसते आणि तरीही अक्षरे तुटक दिसतात, अशी वेळ काहींवर येते. त्या डोळ्यासाठी अल्पदृष्टी विभाग असतो. मोठ्या नेत्ररुग्णालयांत त्याची स्वतंत्र ओपीडी चालते. तिथे दिवा असलेले भिंग, जवळच्या कामाचा जास्त नंबरचा चष्मा, वाचनासाठी तिरका फळा अशी साधने वापरून दाखवतात आणि मगच घ्यायला सांगतात. अँड्रॉइड फोनमधली टॉकबॅक सोय मराठी मजकूर वाचून दाखवते. दोन्ही डोळ्यांचे मिळून अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक भरत असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे ओळखपत्र) मिळते. त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या तपासणीला जाताना ओसीटीच्या त्याच जुन्या प्रती बरोबर न्याव्यात.